जमीन गेली, भाई उरला

‘मुळशी पॅटर्न’ २३ नोव्हेंबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. तीन वर्षांनी, २६ नोव्हेंबर २०२१ रोजी, त्याचा हिंदी अवतार ‘अंतिम : द फायनल ट्रुथ’ पडद्यावर आला. पहिला लिहिला आणि दिग्दर्शित केला प्रवीण तरडे यांनी, दुसऱ्याचे दिग्दर्शन महेश मांजरेकरांचे. शहर दोन्हीकडे पुणेच. राहुल, नन्या, पिट्या ही पात्रांची नावेही तीच. बापाने जमीन विकली, घर देशोधडीला लागले, पोरगा गुंडांच्या टोळीत शिरला, बघता बघता भाई झाला आणि शेवटी संपला, हा सांगाडाही जसाच्या तसा. एवढे सगळे शाबूत असताना पहिला चित्रपट जमिनीचा राहतो आणि दुसरा पोलिसाचा होतो. असे का व्हावे, याचा विचार केला की रिमेक नावाच्या साऱ्या खटाटोपावरच प्रकाश पडतो. मराठीतून हिंदीत गेलेल्या चित्रपटांना जे लागू पडते तेच अमेरिकेतल्या गाजलेल्या विज्ञानपटांच्या टीव्ही मालिकांनाही लागू पडते. गोष्टीतल्या घटना उचलल्या जातात. त्या घटना ज्या कारणापायी घडल्या ते कारण मात्र मागेच राहते.

मुळशीच्या बाबतीत ते कारण शंभर वर्षांचे आहे.

मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून मुंबईसाठी वीज तयार करायची, अशी टाटा कंपनीची योजना होती. त्यासाठी मावळातली गावेच्या गावे पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशीकरांचा सत्याग्रह सुरू झाला. ‘जान किंवा जमीन’ ही त्या लढ्याची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा सविस्तर अभ्यास केला आणि त्यावरच्या आपल्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच त्याला जगातला पहिला धरणविरोधी लढा म्हटले. लढा हरला, धरण झाले. घाटाखाली भिऱ्याच्या वीजगृहात वीज तयार होऊ लागली आणि मुंबईकडे गेली. मुळशीच्या वाट्याला पाणी आले, तेही धरणाच्या भिंतीआड अडवलेले.

दुसऱ्या वेळी जमीन गेली ती पैसे घेऊन. हिंजवडीचे आयटी पार्क मुळशी तालुक्यात आहे. माण, मारुंजी, पिरंगुट, भूगाव, पौड अशी एकेक गावे पुण्याच्या जवळ येत गेली, म्हणजे पुणे त्यांच्यापर्यंत पसरत गेले. जमीन एकरात होती ती गुंठ्यात विकली जाऊ लागली. व्यवहाराची रीत सगळीकडे सारखीच. आधी गावातलाच कोणी ओळखीचा एजंट म्हणून दारात येतो. इसार म्हणून काही रक्कम हातावर ठेवली जाते. साठेखत होते, कुलमुखत्यारपत्रावर सह्या होतात, पुढे खरेदीखत होते. तलाठ्याकडे फेरफाराची नोंद पडते आणि एके दिवशी सातबाऱ्यावर दुसरेच नाव दिसते. आलेल्या पैशातून घर बांधले जाते, गाडी येते, गळ्यात सोन्याची साखळी येते, वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात. पुणे परिसराने या नवश्रीमंतांना ‘गुंठामंत्री’ हे नाव दिले. पण पैसा संपतो आणि जमीन परत येत नाही. मग त्याच घरातल्या तरण्या पोराला शेती करायची तर शेत नाही, नोकरी करायची तर शिक्षण नाही, आणि ऐट मात्र अंगवळणी पडलेली असते.

तरडे स्वतः मुळशीचे. त्यांनी हा सगळा क्रम एका घरात आणला. मोहन जोशींचा सखा पाटील हा गावात मान असलेला माणूस जमीन विकून बसतो आणि पुण्यात हमालीवर येतो. ओम भूतकरच्या राहुलचा पहिला राग बापावर असतो. जमीन का विकली, हा त्याचा सवाल चित्रपटभर बापाचा पिच्छा सोडत नाही. नन्याभाई, पिट्याभाई ही माणसे आकाशातून पडलेली नाहीत. तीही याच रांगेत आधी उभी होती. राहुल त्यांच्या जागी येतो तेव्हा एक खलनायक जाऊन दुसरा आला असे वाटत नाही. कारखान्यातून पुढचा माल निघाला असे वाटते. उपेंद्र लिमये यांनी केलेला इन्स्पेक्टर विठ्ठल कडू याच मातीतली बोली बोलतो. तो दरारा निर्माण करतो, पण त्याच्या हातात फार काही नाही. गुन्हा संपवणे त्याला जमेल, गुन्हा जिथून उगवतो ती जागा त्याच्या हद्दीत येत नाही. चित्रपटाची ताकद आहे ती या असहायतेत.

‘अंतिम’मध्ये पोलीस अधिकारी राजवीर सिंग होतो आणि त्या भूमिकेत सलमान खान येतो. एवढ्या एका निवडीने तराजूचे पारडे फिरते. सलमान खान पडद्यावर असहाय दिसू शकत नाही. त्याचा प्रेक्षक ते पाहायला आलेला नसतो. मग त्याला मोठे प्रवेश हवेत, मारामाऱ्या हव्यात, टाळीची वाक्ये हवीत. राहुलच्या भूमिकेतल्या आयुष शर्माबरोबरची त्याची उघड्या अंगाची हाणामारी तर ट्रेलरमध्येच मिरवली गेली. पडद्यावरचा वेळ मर्यादित असतो. पोलिसाला मिळालेला वेळ कुणाच्या तरी वाट्याचा कमी होणार, आणि तो बापाच्या वाट्याचा कमी होतो. सचिन खेडेकर यांच्यासारखा नट त्या भूमिकेत आहे, तो मिळेल त्या जागेत जीव ओततो, पण ती जागाच आक्रसलेली आहे. जमीन विकली गेल्याचे दुःख प्रस्तावनेपुरते येते आणि त्यानंतर उरतो तो पोलीस विरुद्ध गुंड हा हिंदी चित्रपटाचा जुना सामना. असा अधिकारी हजर असल्यावर प्रश्न सुटणारच, हे प्रेक्षकाला पहिल्या अर्ध्या तासात कळते. मूळ चित्रपटात नेमके तेच कळत नाही.

यात अज्ञानाला जागा नव्हती, हे मुद्दाम सांगायला हवे. मांजरेकर मराठी आहेत आणि मूळ चित्रपटात त्यांनी स्वतः भूमिका केली होती. मूळचा कडू म्हणजे उपेंद्र लिमये हिंदीत नन्याभाई झाले. पुण्याची माहिती असलेली, मराठी बोलणारी, मूळ कलाकृती आतून ओळखणारी माणसे दोन्ही बाजूंना होती. तरीही कारण हातातून सुटले. याचा अर्थ दोष माहितीच्या तुटवड्याचा नाही, मांडणीत कोणाला मध्यभागी बसवायचे या निर्णयाचा आहे.

हाच निर्णय अमेरिकन टेलिव्हिजनने विज्ञानपटांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा चुकवला आहे. तिथे मध्यभागी नट बसत नाही, पुढचा भाग बसतो.

चांगला विज्ञानपट एका कल्पनेवर उभा असतो. असे झाले तर काय, एवढाच त्याचा प्रश्न. तो प्रश्न शेवटपर्यंत ताणला जातो आणि शेवटाला उत्तर किंवा हादरा मिळतो. ‘लोगन्स रन’ या १९७६ च्या चित्रपटात तिशीनंतर जगू न देणारे एक बंदिस्त, सुखासीन शहर आहे. मरण ठरलेले असताना माणसे इतकी निवांत कशी, हा त्याचा प्रश्न. पुढच्याच वर्षी त्याची मालिका आली. तिच्यात नायक-नायिका शहराबाहेर पळतात आणि दर आठवड्याला एका नव्या वस्तीत पोहोचतात. शहरच मागे सुटल्यावर प्रश्नही तिथेच सुटला. एका हंगामात मालिका बंद झाली. ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’चा १९६८ चा चित्रपट माकडांचा ग्रह ही आपलीच पृथ्वी असल्याचे उघड करणाऱ्या ज्या शेवटच्या दृश्यासाठी आजही आठवला जातो, ते दृश्य १९७४ च्या मालिकेला सुरुवातीपासूनच परवडणारे नव्हते, कारण दर आठवड्याला परत यायचे होते. तिनेही एकच हंगाम पाहिला.

‘मायनॉरिटी रिपोर्ट’चे उदाहरण तर ‘अंतिम’च्या फार जवळ जाते. स्टीव्हन स्पीलबर्गच्या २००२ च्या चित्रपटात खून होण्याआधीच तो दिसणाऱ्या तीन व्यक्ती आहेत आणि त्यांच्या दृष्टान्तावरून माणसांना आधीच तुरुंगात टाकणारे पोलीस खाते आहे. न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा देता येते का, हा त्याचा गाभा, आणि त्या खात्याचे काय करायचे याचा निवाडाही चित्रपट करतो. २०१५ मध्ये फॉक्स वाहिनीने त्याच्या पुढची कथा म्हणून मालिका काढली. तिच्यात त्याच तिघांपैकी एक जण पोलीस अधिकाऱ्याच्या मदतीला येतो आणि त्याला दिसणारे भविष्य तपासाचे हत्यार बनते. ज्या गोष्टीविषयी चित्रपट प्रेक्षकाला अस्वस्थ करत होता, तीच मालिकेत सोयीची झाली. दहा भागांत कारभार आटोपला. मुळशीच्या कथेतही हेच घडले: जी पोलिसी ताकद अपुरी आहे असे मूळ चित्रपट सांगत होता, तीच हिंदीत उत्तर म्हणून समोर आली.

‘द अँड्रोमेडा स्ट्रेन’कडे जरा थांबून पाहावे, कारण तिथे बिघाड अगदी उघड दिसतो. मायकेल क्रायटनची कादंबरी १९६९ ची, रॉबर्ट वाइजचा चित्रपट १९७१ चा. अवकाशातून परतलेल्या उपग्रहाबरोबर एक अनोळखी जंतू येतो आणि एक छोटे गाव मरून पडते. जिवंत राहतात दोघेच, एक म्हातारा आणि एक रडणारे तान्हे मूल. शास्त्रज्ञ जमिनीखालच्या प्रयोगशाळेत उतरतात. एकेका मजल्यावर त्यांचे निर्जंतुकीकरण होते आणि वाइज ते सगळे सावकाश, न कंटाळता दाखवतो. म्हातारा आणि मूल यांच्यात असे काय सारखे आहे जे मेलेल्यांमध्ये नव्हते, एवढ्या एका कोड्यावर थरार टिकतो. उत्तर त्यांच्या रक्तात सापडते. विचार करणारी माणसे पाहणे हाच इथला आनंद आहे. २००८ मध्ये रिडली आणि टोनी स्कॉट या बंधूंच्या निर्मितीत त्याची दोन भागांची मालिका आली. तिच्यात बातमीदार आले, लष्करी कारस्थाने आली, समुद्राच्या तळाशी चाललेल्या खाणकामाचा वाद आला आणि जंतू भविष्यातून पाठवला गेल्याचा उलगडाही आला. यातला एकेक धागा वाईट नव्हता. पण त्या गर्दीत प्रयोगशाळेतले कोडे कोपऱ्यात गेले. वेळ जास्त मिळाला आणि विचाराला मिळालेली जागा कमी झाली.

मराठी प्रेक्षकाने अशीच गळती ‘सैराट’च्या बाबतीत पाहिली आहे. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २०१६ चा. तो कन्नड, पंजाबी, ओडिया, बंगाली अशा अनेक भाषांत गेला आणि २०१८ मध्ये शशांक खेतान यांचा ‘धडक’ म्हणून हिंदीत आला. ‘अंतिम’ने गाव ठेवून वजन हलवले, ‘धडक’ने गावच बदलले. करमाळ्याच्या परिसरातली कोरडवाहू माती जाऊन उदयपूरचे तलाव आणि हवेल्या आल्या. गाव बदलणे हा गुन्हा नाही. राजस्थानात जात काही कमी तिखट नाही. पण जातीचा उच्चार एखाद्या ओझरत्या वाक्यावर भागवला गेला आणि प्रेमाला विरोध करणाऱ्या श्रीमंत बापाचा ओळखीचा साचा तेवढा शिल्लक राहिला.

‘सैराट’चा उत्तरार्ध इथे ताडून पाहावा. पाटलाच्या घरात वाढलेली, बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी आर्ची प्रियकर परशाबरोबर पळून हैदराबादच्या झोपडपट्टीत येते. तिथला वास तिला सोसत नाही, स्वयंपाक जमत नाही, भाषा कळत नाही. ती कारखान्यात कामाला लागते, हळूहळू तेलुगू शिकते, परशाशी भांडते, परतही जायला निघते. मंजुळे यांनी या साध्या दिवसांना भरपूर वेळ दिला, कारण जन्माने मिळालेला तोरा उतरवून माणूस कसा नवा होतो, हे त्यांना दाखवायचे होते. म्हणून शेवटी आईबापाच्या रक्तात पावले उमटवत बाहेर येणारे मूल असह्य होते. ते जिवंत आहे आणि त्याने आता या समाजात वाढायचे आहे. ‘धडक’मध्ये मूल बापाबरोबर मारले जाते आणि नायिका जिवंत राहते. धक्का तेवढाच बसतो, पण पुढच्या पिढीचा प्रश्न त्या मुलाबरोबरच संपतो.

यावरून रिमेक करूच नयेत, असे कोणी म्हणेल तर ते मराठीच्या अनुभवाशी जुळणार नाही. व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ १९७२ चा आणि त्याचे बीज १९३० च्या ‘द ब्लू एंजल’ या जर्मन चित्रपटात आहे. तिथे कॅबेरेतल्या गायिकेपायी एक प्रतिष्ठित शिक्षक रसातळाला जातो. शांतारामांनी कॅबेरेच्या जागी तमाशाचा फड आणला, एवढ्यावर ते थांबले असते तर ती वेशभूषेची बदली ठरली असती. त्यांनी शिक्षकाच्या अधःपाताला मराठी खेड्याचे कारण दिले. गावाने मास्तराला देवमाणूस मानलेले आहे, आणि ती प्रतिमा जपण्यासाठी मास्तर स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली फाशी पत्करतो. हा शेवट मूळ जर्मन चित्रपटात नाही. आदर्शांची भूक असलेल्या आपल्या समाजातूनच तो उगवू शकतो. डॉ. श्रीराम लागू यांची ती भूमिका पाहताना मूळ कुठले, हा प्रश्न मनात येत नाही.

‘अशी ही बनवाबनवी’चेही तसेच. हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ या १९६६ च्या चित्रपटावरून सचिन पिळगावकर यांनी १९८८ मध्ये तो केला. मूळ हिंदी चित्रपट आज फारसा कोणाला आठवत नाही आणि मराठी चित्रपटातले संवाद जवळजवळ चार दशकांनंतरही घराघरांत म्हटले जातात. यात अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचा वाटा मोठाच. पण पुण्यात भाड्याने खोली मिळवण्याची मारामार खरी होती, म्हणून बायकांची सोंगे घेण्याचा उपद्व्याप प्रेक्षकाला पटला. घरमालकीण लीलाबाई काळभोरांचे घर ही त्या विनोदाची पायाभरणी आहे. ती काढली तर उरेल ती नुसती साड्यांची गंमत.

आणि विज्ञानपटांतही उलट उदाहरण आहे. ख्रिस मार्करचा ‘ला जेते’ हा १९६२ चा, जेमतेम अर्ध्या तासाचा, जवळजवळ संपूर्ण स्थिरचित्रांतून सांगितलेला फ्रेंच चित्रपट. त्यावरून टेरी गिलियमने १९९५ मध्ये ‘ट्वेल्व्ह मंकीज’ केला आणि त्यावरून २०१५ ते २०१८ या काळात चार हंगामांची मालिका झाली. म्हणजे रिमेकचा रिमेक. तरीही ती पाहण्याजोगी झाली, कारण तिने चित्रपटाचा मूळ प्रश्नच पुन्हा हाती घेतला. झालेली गोष्ट कालप्रवासाने बदलता येते का? चित्रपट नाही म्हणतो. मालिका त्या नकाराशी वाद घालते आणि वाद संपल्यावर स्वतः थांबते.

कारण मागे सोडून केलेल्या नकलेचे एक दगडविटांचे उदाहरणही मुळशीत उभे आहे. मोसे नदीच्या खोऱ्यात, वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी लवासा नावाचे शहर उभे करताना इटलीतल्या पोर्तोफिनोचा नमुना समोर ठेवला गेला. दासवे इथला रंगीत इमारतींचा काठ पाहिला की ते साम्य लगेच ओळखू येते. पण पोर्तोफिनो हे आधी मच्छीमारांचे बंदर होते. बंदराभोवती माणसे राहिली, म्हणून तसे घरांचे काठ तयार झाले. इथे काठ आधी रंगवला गेला. माणसांनी तिथे का राहावे, याचे कारण नंतर येईल असे मानले गेले. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस बजावली. ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनीची दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली आणि त्याच नोव्हेंबरात ‘मुळशी पॅटर्न’ आला. एकाच तालुक्यातली एक गोष्ट बाहेरून आणून बसवलेली होती आणि दुसरी आतून आलेली.

रिमेकच्या बाजूने नेहमी सांगितले जाते की त्यामुळे कथा लाखो नव्या माणसांपर्यंत जाते. मोठा नट नसेल तर मुळशीच्या शेतकऱ्याची कहाणी लखनौला कोण पाहणार, असा हा युक्तिवाद आहे. त्यात तथ्य आहे. ‘अंतिम’ आला तेव्हा महामारीनंतर चित्रपटगृहे नुकतीच उघडली होती आणि निर्मात्यांना गर्दी खेचणारे नाव हवे होते, हेही समजण्यासारखे आहे. पण लखनौपर्यंत जे पोहोचले ते काय, हे विचारावे लागते. पोहोचला तो पोलिसाचा पराक्रम. सातबारा पोहोचलाच नाही. शिवाय आता उपशीर्षकांसह मूळ चित्रपटच कुठल्याही राज्यात पाहता येतो. अशा काळात रिमेकने स्वतःचे काही सांगितले नाही तर त्याची गरज आणखी कमी होते.

दुसरा युक्तिवाद असा, की मुळशीचे दुःख मुळशीबाहेरच्याला कळणार नाही. हा तर प्रेक्षकाला कमी लेखणारा आहे. प्रत्येक मोठ्या शहराच्या अंगाला एक मुळशी चिकटलेली आहे. दिल्लीच्या एका बाजूला गुरुग्राम आहे, जिथे शेतांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. दुसऱ्या बाजूला ग्रेटर नोएडा आहे, जिथल्या भट्टा-पारसौल गावात मे २०११ मध्ये भूसंपादनावरून शेतकरी आणि पोलीस समोरासमोर आले आणि माणसे मेली. मोबदल्याचे पैसे, महागड्या गाड्या, बेकार पोरे आणि जमिनीच्या दलालीतून उभ्या राहिलेल्या टोळ्या ही साखळी तिथल्या प्रेक्षकाला शिकवावी लागणार नाही. हिंदी रिमेकने पुण्याची नावे तशीच ठेवण्याऐवजी ही गोष्ट हरियाणाच्या मातीत पेरली असती, तिथल्या बापाला तिथल्या बोलीत त्याच्या पोराने जाब विचारला असता, तर तो ‘मुळशी पॅटर्न’शी अधिक इमानी ठरला असता. पोर्तोफिनोचे रंग आणण्यापेक्षा बंदर शोधण्यासारखे ते झाले असते.

तो चित्रपट अजून झालेला नाही आणि विषय तर दर वर्षी ताजा होतो आहे. पुण्याच्या रिंगरोडची आखणी मुळशीतून जाते, हिंजवडीला मेट्रो जोडली जात आहे, त्यांच्या आजूबाजूच्या गावांत पुन्हा एजंट फिरत आहेत आणि पुन्हा इसाराच्या पावत्या फाटत आहेत. ज्या निर्मात्याला ही गोष्ट दुसऱ्या भाषेत न्यायची असेल त्याने आधी पटकथेत बापाचे प्रवेश मोजावेत. जमीन विकण्याआधीची ती रात्र, सहीचा तो दिवस, पैसे संपल्यावर पोराशी न बोलता काढलेली वर्षे यांना पूर्ण वेळ द्यावा. मोठा नट हवाच असेल तर त्याला बापाची किंवा एजंटाची भूमिका द्यावी. सही करताना बापाचा हात थरथरतो आणि शेजारी बसलेला एजंट त्याला कुठे सही करायची ते बोटाने दाखवतो, एवढा एक प्रवेशसुद्धा कुठल्याही नटाला पुरून उरेल.